खिडकीतून टाकलेला गमछा

माझ्या धाकट्या जावेचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो बालाघाट स्टेशनात, छोट्या लाईनच्या फलाटावर, ओवाळणीचं ताट हातात धरून उभी असताना. शेवटचा कधी वाटला म्हणाल, तर आज सकाळी. मधल्या काळात मी चार नातवंडांची आजी झाले, निम्मे दात गेले, गुडघे गेले, छोटी लाईनसुद्धा गेली. हेवा मात्र जिथल्या तिथे उभा आहे.

छोटी लाईन म्हणजे आमच्याकडची अडीच फुटी रुळांवरची गाडी. आता मोठी लाईन आली, तीत बसलं की डोळा लागायच्या आत गोंदिया येतं. छोट्या गाडीत माणूस झोपून, उठून, जेवून, भांडून आणि समेट करून मगच पोहोचायचा. डबे लहान, माणसं फार. म्हणून गाडी फलाटाला लागून थांबायच्या आतच लोक चालत्या गाडीच्या खिडकीतून खांद्यावरचा गमछा आत फेकायचे. ज्याचा गमछा बाकावर पडला त्याची जागा. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची हिंमत मी पोलिसातही पाहिली नाही. कोणी गमछा सरकवून बसलाच तर अख्खा डबा ओरडायचा, "ओ भाऊ, गमछा दिसत नाही का?"

माझं माहेर गोंदियाकडचं. लग्न होऊन याच गाडीने मी बालाघाटला आले. आमच्या ह्यांनी मोठ्या ऐटीत नव्या नवरीसाठी गमछा फेकला. तो एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर पडला. म्हाताऱ्याने तो काढला, तोंड पुसलं आणि परत केला. मग मी सगळा प्रवास वांग्यांच्या दोन टोपल्यांच्या मधे, माझ्याच पत्र्याच्या पेटीवर बसून केला. माझ्या मुंडावळ्या कोणा बाईच्या पिशवीच्या बंदात अडकल्या होत्या, त्यामुळे मान वळवायचीही सोय नव्हती. नदीचा पूल येऊन गेला हे मला नुसत्या आवाजावरून कळलं. आपल्याच वरातीत आपल्याला नदी दिसली नाही, याचं मी इतकं मनावर घेतलं की दोन दिवस जेवले नाही. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवतंय. त्यांनी मला जवळ घेतलं. मी रडून घेतलं. वांग्यांचं काही बोलले नाही.

पुढे मात्र मी गमछा फेकायला शिकले. माहेरी जाताना ह्यांच्या हातातून ओढून घेऊन मीच फेकायची. ह्यांना ते आवडायचं नाही. पण बसायला जागा मिळाली की तेही बसायचे.

चार वर्षांनी धाकट्या दिरांचं लग्न झालं. मुलगी गार्डाची, आणि गार्ड छोट्या लाईनचेच. म्हणजे शेवटच्या डब्यात हिरवी झेंडी घेऊन उभे राहणारे जे गृहस्थ, ते हिचे बाबा. आता गार्डाची लेक नवरी होऊन निघाल्यावर तिच्यासाठी गमछा कोण कशाला फेकतो? अख्खा बाक तिला मोकळा करून दिलेला. सासूबाईंनी हुकूम काढला की सुनेला स्टेशनवरच ओवाळायचं, आणि ताट मोठीनं धरायचं. मोठी म्हणजे मी.

गाडी आली. ड्रायव्हरने शिटी दिली, एकदा नाही, तीनदा. खिडकीत ती. डोकं बाहेर, हनुवटी वर, राणीने रयतेकडे बघावं तशी. मागून तिचे बाबा झेंडी हलवत होते. फलाटावरचा चहावाला किटली खाली ठेवून बघत राहिला. माझ्या वेळी तो मला म्हणाला होता, "बाई, पेटी बाजूले घ्या."

आता पुढचं मी आजपर्यंत आपण होऊन कोणाला सांगितलेलं नाही. ताटातलं निरांजन मी फुंकलं. हळूच, पदराआड. आणि मोठ्याने म्हटलं, "अगाई, इंजिनाच्या वाफेनं दिवा गेला!" बायका चुकचुकल्या, सासूबाईंचा चेहरा उतरला, काडेपेटीसाठी धावपळ झाली, आणि तेवढा वेळ सगळ्यांची नजर नवरीवरून उडून माझ्या ताटाकडे आली. एवढ्यासाठी हा सगळा उद्योग. सव्वीस वर्षांची घोडी, घरी एक पोर, आणि कर्तबगारी ही! त्या बाईला आज माझ्यासमोर आणून उभी केली तर मी तिचा कान धरीन. पण आधी विचारीन, की काडेपेटी तुझ्याच कमरेला खोचलेली होती, ती काढायला इतका वेळ का लावलास.

वर्षं गेली. छोटी लाईन बंद झाली, रूळ उपटले. तेव्हा गावातल्या काही लोकांनी मिळून एक मंडळ काढलं. छोट्या लाईनचं जे उरलंय ते आपणच सांभाळायचं, पगार नाही, मानधन नाही. अध्यक्ष शाळेतले निवृत्त सर. रेल्वेने मंडळाला एक जुना लाकडी डबा दिला आणि जुन्या मालधक्क्याजवळ रुळांच्या एका तुकड्यावर उभा करून दिला. डबा मिळाला, पण वर छप्पर नव्हतं. सर म्हणाले, उघड्यावर आणखी एक पावसाळा गेला तर बाकं कुजतील आणि मग आपण फक्त चाकं सांभाळत बसू.

सरांनी पावतीपुस्तक छापलं आणि घरोघर निघाले. आमच्याकडे पावतीपुस्तक दिसलं की लोक मागच्या दाराने शेतात जातात. जे सापडले ते म्हणाले, "ये तो सरकार का काम है, मास्टरजी." मास्टरजी चहा पिऊन परत.

धाकटी या मंडळात गेली ती बाबांच्या आठवणीने. मी गेले ती धाकटी गेली म्हणून.

तिने काय केलं, तर पेटीतून बाबांची हिरवी झेंडी आणि हातदिवा काढून आणला. रविवारी डब्याच्या दारात उभं राहायचं, झेंडी धरायची, फोटो काढून घ्यायचा. झेंडी धरायचं तिकीट. अहो, रांग लागली! भरवेलीच्या खाणीतले कामगार मोटरसायकलवर बायकापोरांना घेऊन आले. नवी जोडपी आली. झेंडी वर धरली की प्रत्येकाचा चेहरा गाडी सुटल्यासारखा व्हायचा. एका हिंदी पेपरात धाकटीचा फोटो आला. आमचे हे तो पेपर घेऊन चुलीशी आले.

"पाह्य वं, धाकटीचा फोटो कसा मस्त आला!"

त्या दिवशी ह्यांच्या वरणात मीठ जास्त पडलं. पडलं म्हणजे मी टाकलं.

तेव्हा मी सहासष्टची होते. एवढ्या कोवळ्या वयात माणसाला समज कुठून असणार? रात्रंदिवस एकच विचार, झेंडीपेक्षा मोठं काय काढायचं. पुढच्या बैठकीत मी उभी राहिले.

"झेंडी काय, कोणीबी धरते," मी म्हटलं. "छोट्या लाईनची खरी कला झेंडीत नाही, गमछ्यात हाय."

सरांनी चष्मा वर केला. "म्हणजे कसं म्हणता?"

"तिकीट घ्यायचं, तीन वेळा गमछा फेकायचा. बाकावर पडला त जमलं. ज्याचे तिन्ही पडतीन, त्याचं नाव त्या खिडकीवर लावायचं. कायमचं."

मंडळात एक भांड्यांचे दुकानदार आहेत. लग्नाच्या भांड्यांवर ते मशीननं नावं घालतात. ते एकदम पुढे सरकले. "पितळी पाटी माझ्याकडून, नाव बी मीच घालून देतो. पर काकी, डब्बा खडा रहेगा तो क्या मजा? चलती गाड़ी में फेंका तो फेंका."

"डबा ढकलायचा?" सर घाबरले. "आणि तो पळाला म्हणजे?"

"सर," मी म्हटलं, "हा डबा इंजिन लावूनबी कधी पळाला नाही."

सगळे हसले. धाकटीही हसली. तिने हसावं म्हणून मी बोलले नव्हते, पण हसली. नियम मी केले. फेकायचं जोडीजोडीने, एकमेकांसमोर. आणि एक नियम विशेष माझा होता. गमछा कुठे पडला हे बघायला प्रतिस्पर्ध्याने स्वतः आत जायचं. माझा कोणावर विश्वास नव्हता ना.

मनात एकच होतं. त्या पितळी पाटीवर माझं नाव. ज्या गाडीत मला पेटीवर बसवलं, तिच्याच डब्याच्या खिडकीवर. आणि धाकटीने ते येता-जाता वाचायचं.

रविवारी पार किरनापुरहून लोक आले. लाल गमछे, चौकड्यांचे गमछे, एकाने तर लग्नातला शेला आणला. डब्याच्या चाकांना वंगण दिलं होतं. मंडळाचे दहाबारा जण मागून ढकलायचे, डबा वीसेक पावलं पुढे जायचा आणि तितकाच मागे यायचा. तो वेग पाहून जुन्या लोकांचे डोळे भरून आले. अगदी तोच वेग होता.

आधी तरुण मंडळींनी हात चालवून पाहिला. गमछे टपावर गेले, चाकांत अडकले, एक सरांच्या गळ्यात पडला. ही सगळी मोबाईलवर सीट घेणारी पिढी, यांच्या मनगटात काय असणार! तिकीटं मात्र धडाधड घेत होते. कारण चुकलेला माणूस जिद्दीने पुन्हा रांगेत लागायचा. दुपारपर्यंत तिन्ही कोणाचे पडले नव्हते.

मग माझी पाळी. पदर खोचला. माझ्यासमोर कोणी बाई उभी राहीना, तर खाणीच्या कॉलनीतल्या बायकांनी धाकटीलाच पुढे ढकललं.

"मी त जन्मात कधी टाकला नाही जी," ती म्हणत होती. "बाबा गार्ड होते माझे."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नका.

माझा पहिला बाकावर. तिचाही पहिला बाकावर. मी म्हटलं, कावळा बसला अन् फांदी मोडली. माझा दुसरा कसाबसा, चौकटीला घासून आत गेला. तिने दुसरा टाकला तो असा अलगद, जसं काही लेकराला पाळण्यात ठेवतेय. बाकावर! लोक ओरडले, "वा काकी!" वाऱ्याने जोर धरला होता, माझा खांदा ठणकत होता. जन्मात कधी न टाकलेल्या बाईचे दोन पडतात, आणि ज्या बाईने उमेदीची सगळी वर्षं या कलेत घालवली तिचा चौकटीला घासतो. हा न्याय आहे का?

कमरेच्या बटव्यात सुपारी होती. गमछ्याच्या कोपऱ्यात ती वजनाला बांधायला मला किती वेळ लागला? निरांजन फुंकायला लागला होता तेवढाच.

तिसरा गमछा मी फेकला आणि तो बाणासारखा आत गेला. आतून लाकडावर टक्क असा आवाज आला. माझ्याशिवाय कोणी ऐकला नसावा. डबा थांबवला. नियमाप्रमाणे बघायला धाकटी आत चढली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझाच नियम माझ्या मुळावर आलाय. खालून खिडकीतून मला दिसत होती ती. तिने गमछा उचलला. बोटं कोपऱ्यापाशी थांबली. आता ही खिडकीतून ओरडणार, सगळ्या जिल्ह्यासमोर.

तिने डोकं बाहेर काढलं. "पडला जी! बाईचा गमछा बाकावर पडला!" बाई म्हणजे मी, ती मला बाईच म्हणते.

खाली आली, गमछा माझ्या हातात दिला. कोपरा मोकळा होता.

मग तिची तिसरी फेक. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गमछा टाकला. तो चौकटीवर पडला, अर्धा आत अर्धा बाहेर, क्षणभर राहिला आणि घसरून खाली आला.

"हात दुखते," ती म्हणाली.

मी जिंकले. टाळ्या वाजल्या, सरांनी शिटी फुंकली. आणि दोन मिनिटांत पाहते तर काय, सगळी गर्दी तिच्याभोवती. "काकी, पहिल्यांदाच टाकला आणि दोन दोन पडले! काय हात हाय तुमचा!" जिंकूनही जळता येतं, हे शिक्षण मला सहासष्टाव्या वर्षी मिळालं.

लोक पांगले. डब्यात आम्ही दोघीच गमछ्यांच्या घड्या करत बसलो होतो.

"बाई, अडकित्ता हाय का?" तिने विचारलं.

"हाय. काहून?"

तिने मूठ उघडली. सुपारी. "फोडा न. अर्धी तुमाले, अर्धी मले."

मी अडकित्ता काढला. हात कामाला लागले की बरं असतं, वर बघावं लागत नाही. "तवाच सांगतलं काहून नाही वं?"

"दिव्याचं सांगतलं होतं का, त सुपारीचं सांगन?"

"कोणता दिवा?"

"ताटातला. तुमी फुंकला तो."

अडकित्त्यात सुपारी तशीच राहिली. "तुले कसं दिसलं?"

"खिडकीत नव्हती का मी? डोकं बाहेर काढून."

"हौ. राणीवानी."

"राणी!" ती हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडाला लावला, डोळ्यांत पाणी आलं. "अवो बाई, मले ओकारी येऊन राह्यली होती! गाडी लागते मले, लहानपणापासून. म्हणून त बाबा खिडकीत बसवत. हनुवटी काहून वर केली होती? शालूवर पडू नये म्हणून! अन् त्या तीन शिट्या, लोकायनं खिडकीखालून बाजूले व्हावं म्हणून बाबानं सांगतलं होतं ड्रायव्हरले."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं मी एका ओकणाऱ्या पोरीचा हेवा केला. मी तर वांग्यांत निदान सुखाने बसले होते.

"मंग सासूबाईले सांगतलं काहून नाही?" मी विचारलं. "मी दिवा फुंकला म्हणून?"

"सांगणार होती. उतरल्या उतरल्या सांगणार होती. पण तुमी ओवाळाले पुढं आल्या, माझं तोंड पाह्यलं, अन् आपल्या पदरानं पुसलं. लोकायले दिसू नये असं आड उभं राहून. मंग काय सांगू?"

हे मला आठवत नाही. किती वेळा डोकं खाजवलं, तरी आठवत नाही. ताट धरून उभी असलेली ती सव्वीस वर्षांची बाई असलं काही चांगलं करेल यावर माझा भरवसाही नाही. फुंकर तेवढी स्वच्छ आठवते. धाकटीच्या आठवणीत माझं दोन्ही आहे, माझ्या आठवणीत एकच. मग मला तिच्या आठवणीचाही हेवा वाटला. आणि ती इतकी वर्षं गप्प राहिली, याचा तर फारच. मला एक दुपारही जमलं नसतं. संध्याकाळच्या आत चार घरी सांगून आले असते.

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांच्या दुकानात गेले. पितळी पाटी घासूनपुसून तयार होती.

"बोला काकी, नाव काय घालू?"

माझं घाल म्हणावं तर त्या सुपारीचा टक्क आवाज कानात. तिचं घाल म्हणावं, तर मग मी जन्मभर खाली मान घालून त्या खिडकीजवळून जायचं. तेवढं मोठं मन देवाने मला दिलेलं नाही. मशीन घरघरत होतं. मागे एक गिऱ्हाईक पातेलं घेऊन खोळंबलं होतं.

"लिही," मी म्हटलं, "दोघी जावा."

"कौन कौन सी? नाव सांगा न."

"तेवढंच."

पाटी लागली आणि गंमत सुरू झाली. दुसऱ्याच रविवारी एका घरच्या दोघी जावा आल्या आणि म्हणाल्या, ही जागा आमची, पाटीवर लिहिलंय. मंडळाने त्या खिडकीत बसून फोटो काढायचंही तिकीट लावलं. मग जावांच्या जोड्या यायला लागल्या. गोडीतल्या आल्या, नवऱ्यांनी बळे धरून आणलेल्या आल्या. किरनापुरच्या दोघी, एकमेकींशी बोलणं टाकलेल्या, खिडकीत कोण बसणार यावरून भांडल्या. म्हणजे बोलणं सुरू झालं. पावतीपुस्तकाने जे झालं नव्हतं ते झेंडी, गमछा आणि या पाटीने मिळून केलं. पावसाळ्याच्या आत डब्यावर छप्पर चढलं. सर भाषणात म्हणाले की पाटीची कल्पना कोणाची हे सांगायला नको. सगळ्यांनी धाकटीकडे बघून टाळ्या वाजवल्या. तिने "नाही जी, बाईची" म्हणून माझ्याकडे बोट केलं, तर लोक म्हणाले, किती विनयशील आहे बघा!

आज रविवार होता. मी मुद्दाम लवकर गेले. गर्दी नव्हती, डबा जागच्या जागी उभा होता. तरी बाहेर उभी राहून मी खिडकीतून गमछा आत टाकला. बिनसुपारीचा. बरोबर बाकावर पडला. एवढ्या वर्षांनी हात अजून आहे म्हणत, गुडघे सांभाळत पायऱ्या चढून आत गेले, तर धाकटी पलीकडच्या दाराने चढून पाटीखाली खिडकीत बसलेली. माझ्या गमछ्याची घडी तिच्या मांडीवर.

"गमछा दिसत नाही का वं?"

"दिसते जी. पण मले गाडी लागते न."

"उभ्या डब्यात?"

"सवय हाय," ती म्हणाली आणि हनुवटी वर केली.

मी शेजारी बसले. तिथून बाहेरचं अर्धंच दिसतं, अर्धं तिचं नाक दिसतं. बटव्यातून सुपारी काढली, अडकित्ता काढला, फोडली. दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन नीट पाहिले. मोठा माझ्याकडे ठेवला.